जॅक योशिहाराचा संघ

अमेरिकेत दरवर्षी सहसा १ जानेवारीला कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथे ‘रोझ बोल’ हा कॉलेज फुटबॉलचा मानाचा सामना होतो. हे फुटबॉल म्हणजे चेंडू छातीशी घट्ट धरून धावायचं आणि समोरच्याने अंगावर झेप घेऊन पाडायचं. १९४१च्या मोसमात ओरेगन स्टेट कॉलेजचा संघ पहिल्यांदाच या सामन्यासाठी पात्र ठरला. त्यानंतर जेमतेम आठवडा लोटला आणि ७ डिसेंबरला जपानने पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर बॉम्ब टाकले आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली.

पश्चिम किनाऱ्यावर पुढचा हल्ला कधीही होईल अशी धास्ती होती. एवढी गर्दी एका जागी नको, असं लष्कराने कळवलं. तेव्हा प्रतिस्पर्धी ड्यूक विद्यापीठाने आपलं मैदान देऊ केलं. ते होतं देशाच्या दुसऱ्या टोकाला, नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅममध्ये. आसपासच्या कॉलेजांकडून बाकं मागून आणली, जागा वाढवली आणि ओरेगनची मुलं आगगाडीने निघाली.

जॅक योशिहारा मात्र मागे राहिला. जन्म जपानचा, पण अगदी लहानपणी अमेरिकेत आलेला आणि तिथेच वाढलेला हा राखीव खेळाडू. सराव चालू असताना एफबीआयची माणसं मैदानावर आली आणि तुला संघाबरोबर जाता येणार नाही, असं त्याला सांगितलं. जपानी वंशाच्या लोकांच्या प्रवासावर बंधनं आली होती. त्या दिवसापर्यंत संघातली मुलं त्याच्यासोबत घाम गाळत होती. त्याच्या वागण्यात तसूभरही फरक पडला नव्हता. फरक पडला होता तो त्याच्याकडे बघणाऱ्या सरकारच्या नजरेत.

सामना पावसात झाला. ५६,००० प्रेक्षक होते. मोसमभर अपराजित राहिलेल्या ड्यूकला ओरेगन स्टेटने २०-१६ असं हरवलं. मग दोन्ही संघांतली बहुतेक मुलं सैन्यात गेली. ड्यूकचे प्रशिक्षक वॉलेस वेड पहिल्या महायुद्धातही सैन्यात होते. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी पुन्हा गणवेश चढवला. मैदानावर खेळलेल्यांपैकी चौघे परत आले नाहीत.

१९४४ साली इटलीत ड्यूकचा चार्ल्स हेन्स छातीत गोळी लागून एका टेकडीवर तासन्‌तास पडून होता. त्याला तिथून उचलून आणणाऱ्यांत एक होता ओरेगन स्टेटचा फ्रँक पार्कर. डरहॅमच्या चिखलात ज्याला आडवं पाडायचं होतं, त्यालाच आता खांद्यावर घ्यायचं होतं. हेन्स वाचला. युद्धातली अशी हकिगत वाचली की माणसाबद्दलचा विश्वास पुन्हा घट्ट होतो, आणि मी ती कितीदा तरी लोकांना सांगते.

पण ही हकिगत सांगताना जॅकला वगळलं, तर ती अर्धीच सांगितल्यासारखी होते. ज्या युद्धाने विरुद्ध संघातल्या दोघांना सख्ख्या भावांसारखं जोडलं, त्याच युद्धाने आपल्याच संघातल्या एकाला परका ठरवलं. फेब्रुवारी १९४२मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा आदेश निघाला. पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं, दुकानं, शेती सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यांतले बहुतांश अमेरिकेचे नागरिक होते. योशिहारा कुटुंबाच्या वाट्याला आली आयडाहोतली मिनिडोका छावणी. जॅकचं शिक्षण तिथे तुटलं.

त्याच्याशिवाय आगगाडीत बसलेल्या विशीतल्या मुलांना दोष देववत नाही. देशात भडका उडाला होता आणि त्यांच्या हाती फारसं काही नव्हतं. पण सरकारकडे अधिकार होता, न्यायालयाकडे कायदा होता, आणि विचार करायला दोघांनाही वेळ होता. तरीही १९४४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्थलांतर वैध ठरवलं. माझा राग आहे तो या शहाण्यासुरत्या माणसांवर.

रोझ बोल जिंकणाऱ्या त्या संघाबरोबर १९८५मध्ये ओरेगन स्टेटने जॅकचाही गौरव केला. २००८मध्ये त्याला आणि युद्धकाळात शिक्षण सोडावं लागलेल्या इतर जपानी अमेरिकी विद्यार्थ्यांना मानद पदव्या दिल्या. तोवर जॅक ऐंशी वर्षं ओलांडून गेला होता. त्याच्या बरोबरीच्या कितीतरी जणांच्या पदव्या मुलानातवंडांना घ्याव्या लागल्या.