कुंडीतल्या झाडाला वैराग्य सांगू नये

"पिकलं पान गळायचंच, सर. त्याचं एवढं काय?" आमच्या ज्ञानेश्वरी वाचनातले एक गृहस्थ मला म्हणाले. पंधरावा अध्याय चालू होता आणि इंग्लंडमध्ये, रेडिंगला, लेकीच्या मागच्या दाराशी कुंडीत असलेल्या बे-लॉरेलची पानं पिवळी पडताहेत, असं मी बोलून गेलो होतो. (लेक त्याला तमालपत्र म्हणते. आपलं तमालपत्र वेगळं. कूळ एकच, पण त्याच्या पानावर तीन लांब शिरा, याच्यावर मधोमध एक. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात जन्म गेला, सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

गृहस्थांचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. बे सदाहरित खरं, पण त्याचीही जुनी पानं थोडी थोडी गळतात, नवी येतात आणि लांबून झाड आहे तसंच दिसतं. संसाररूपी अश्वत्थाबद्दल ज्ञानदेव हेच सांगतात: तो इतक्या वेगाने पालटतो की पाहणाऱ्याला अक्षय वाटतो, गरगरणारी भिंगरी जमिनीला चिकटल्यासारखी दिसते तसा. आणि हे झाड असंगाच्या शस्त्राने तोडावं, असं गीता सांगते.

पण पिवळेपणाच्याही जाती असतात. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर बहुधा लोह कमी पडतंय. खालची जुनी पानं आधी पिवळी पडू लागली, तर नत्राची शंका घ्यावी. झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पालवीला देतं. इथे कीर्तनकाराला त्यागाचं आख्यान लावायचा मोह होईल. मला ते पटत नाही. त्यागाला 'नाही' म्हणायची मुभा असावी लागते. पानाला ती कुठे? त्याच्याकडून काढून घेतात. ती पाळी का आली, हे विचारायचं.

भूमध्य समुद्राकाठच्या जमिनीत हेच झाड दहा-बारा मीटर वाढतं. एका जागचं अन्न सरलं की मुळं पुढे सरकतात. कुंडीत ती काठाला अडून गोल गोल फिरतात. विकतच्या मातीतलं खत काही आठवड्यांत संपतं. खालच्या बशीत पावसाचं पाणी साचलं की मुळं गुदमरतात आणि पुन्हा पानंच पिवळी. ज्या दिवशी आपण त्याला कुंडीत घातलं, त्या दिवशी 'निसर्गक्रम' म्हणायचा आपला हक्क गेला, असं माझं मत आहे. असंगाचं शस्त्र आपल्या आसक्तीवर चालवायचं. दुसऱ्याला बांधून ठेवून त्याच्या उपासमारीकडे तटस्थपणे बघणं म्हणजे असंग नव्हे.

मुलांनी परदेशी आणून ठेवलेल्या म्हाताऱ्यांबद्दल "वय झालं, चालायचंच" असं कोणी म्हणालं, की मला हेच वाटतं. माझी लेक तसं म्हणत नाही, हेही नोंदवून ठेवतो.

बेची कुंडी दोनेक वर्षांनी वसंतात बदलावी, वाढीच्या दिवसांत पातळ खत द्यावं. फळाची आशा नको, कबूल. पण खत घालण्याचं कर्म आपल्याचकडे आहे. तुमच्या गॅलरीत पानं पिवळी दिसली, तर पोथी उघडण्याआधी कुंडी तिरपी करा आणि तळाचं भोक तुंबलंय का, ते बघा.