मृगया आणि परिपृच्छा

इ. स. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांस सोपारे येथे एक फुटका शिलाखंड सापडला. सोपारे तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते; २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात मोडते. त्या खंडावरील अक्षरे थोडकी असली तरी ती अशोकाच्या आठव्या शिलालेखातील आहेत हे ओळखले गेले. आणि इतरत्र आढळलेल्या प्रतींवरून त्या लेखाचा संपूर्ण आशय आज आपणांस ठाऊक आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत व तीत मृगया आणि तशाच इतर करमणुकी चालत. राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर अशोकाने ती चाल टाकून धर्मयात्रा आरंभिली, असे तो लेख सांगतो. या नव्या यात्रेत काय करावयाचे तेही त्यात नमूद आहे. साधुसंतांस व वृद्धांस भेटून दान द्यावयाचे, जनपदातील लोकांच्या भेटी घ्यावयाच्या, त्यांस धर्म सांगावयाचा आणि त्यांच्याशी धर्माविषयी परिपृच्छा, म्हणजे विचारपूस, करावयाची.

राजाने मृगया सोडली एवढे आपण लक्षात ठेवले; तिच्या जागी त्याने काय आणिले याचा मात्र आपणांस विसर पडला. रिकाम्या झालेल्या जागी त्याने विचारपूस आणिली. रानातील शिकारीचे व सापळ्यांचे नियम कोणास विचारून करावेत, हा प्रश्न आज आपल्या दारात आला असता या जुन्या शिळेची आठवण आम्हांस वारंवार होते.

आपल्या काळात मृगया सोडली ती कायद्याने. इंग्रजी अमदानीत वाघ मारणाऱ्यास सरकारातून बक्षीस मिळे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती दृष्टी पालटली आणि परवाना काढून शिकार करण्याची जी वाट उरली होती ती १९९१ च्या दुरुस्तीने बुजविली. या कायद्यात शिकार या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. बंदूक झाडणे ही तर शिकार आहेच. पण फासा मांडणे, सापळा रचणे, विष घालणे, आमिष दाखविणे, हाकारा करणे, किंबहुना पाखराची अंडी फोडणे हीदेखील कायद्याच्या दृष्टीने शिकारच होय. मग लोकांस विचारण्यासारखे उरले काय, असे कोणी म्हणेल. आमच्या मते पुष्कळच उरले. एखादे जनावर माणसाच्या जिवावर उठले तर त्यास पकडण्याची वा मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकाने द्यावयाची असते. रानडुकरासारख्या जनावराने उभे पीक उद्ध्वस्त केले तरीही तशी परवानगी देता येते. पिंजरा केव्हा लावावा, कोणाच्या मागणीवरून लावावा, सापडलेले जनावर कोठे न्यावे, भातशेतीची नासाडी किती झाली म्हणजे ती खरी मानावी, हे सारे कोणीतरी ठरवीतच असतो. जेथे कोणीतरी ठरवितो तेथे कोणाचे ऐकून ठरवितो, हा प्रश्न नीतीचा प्रश्न होतो.

या प्रश्नास आमच्या भागाइतकी योग्य भूमी क्वचितच आढळेल. ठाणे शहरास लागून असलेला येऊरचा डोंगर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग. शंभराहून किंचित अधिक चौरस किलोमीटरांच्या या उद्यानास मुंबई-ठाण्याच्या लक्षावधी वस्तीने वेढले आहे. आणि २०१५ साली छायाचित्रांच्या साहाय्याने झालेल्या पाहणीत उद्यान व त्याच्या लगतचा परिसर मिळून ३५ बिबटे आढळले. कल्याणावरून कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीने पुढे गेले की शहापूर तालुका लागतो. तेथे तानसा अभयारण्य आहे, त्यातील तलावाचे पाणी मुंबई पिते, आणि त्याच्या आसपास वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांचे पाडे आहेत. आणि आम्ही ठाणे-कल्याण-डोंबिवलीकर या दोहोंच्या मध्ये राहतो. रान आमच्या खिडकीतून दिसते. परंतु रानाचा भार आमच्या खांद्यावर फारसा पडत नाही.

तो क्वचित पडतो तेव्हा मात्र आमचा आवाज फार मोठा होतो. २०२२ च्या नोव्हेंबर महिन्यात कल्याण पूर्वेतील एका निवासी इमारतीत बिबट्या शिरला. त्याने काही माणसांस जखमी केले, आणि कित्येक तासांच्या खटपटीनंतर वनखात्याने त्यास बेशुद्ध करून नेले. जिन्यात बिबट्या बसला असता घरात लेकरांस घेऊन दार लावून बसलेल्या माणसाची भीती खोटी म्हणण्याचे धाष्टर्य आम्ही करणार नाही. मात्र अशा प्रसंगानंतर गावोगावी, सोसायटी-सोसायटीतून, बिबट्या प्रत्यक्ष आला नसताही ‘पिंजरा लावा’ ही जी मागणी उठते ती तपासून पाहिली पाहिजे. कारण लोकमत म्हणून जे वनखात्याच्या कचेरीत पोहोचते ते बहुधा हेच.

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत असाच एक अर्ज फिरला. डोंगराच्या पायथ्याशी कोणास तरी संध्याकाळी बिबट्या दिसला होता. त्याने कोणास इजा केली नव्हती. अर्ज दोन वाक्यांचा होता. आम्ही चष्मा लावून तो वाचला, त्यातील शुद्धलेखनाची एक चूक सुधारली आणि खाली सही केली. पुढे काही दिवसांनी येऊरच्या पाड्यावरून रानभाजी घेऊन येणाऱ्या एका बाईंशी बोलताना आम्ही त्या अर्जाची गोष्ट मोठ्या कर्तव्यबुद्धीने सांगितली. बाईंनी भाजीची जुडी बांधता बांधता एवढेच विचारले की, मास्तर, त्याला धराल खरे, पण नेऊन सोडणार कोठे? आणि जेथे सोडाल तेथे कोणाची पोरे नाहीत काय?

आमच्यापाशी उत्तर नव्हते. उत्तर अभ्यासकांपाशी होते व ते आम्ही पुढे वाचले. जुन्नर परिसरात २००१ च्या सुमारास बिबटे पकडून दूरच्या रानांत सोडण्याचा मोठा उपक्रम झाला. त्यापूर्वी त्या भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत; त्यानंतर ते १७ वर गेले, असे विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनात दिसून आले. एका ठिकाणची जागा रिकामी झाली की दुसरा बिबट्या तेथे येतो, आणि अनोळखी मुलखात टाकलेला पहिला बिबट्या तेथील माणसांच्या वाटेत येतो. तात्पर्य, आम्ही ज्यास सुरक्षितता म्हणून सही केली ती आमची भीती दुसऱ्याच्या अंगणात नेऊन टाकण्याची युक्ती होती. आणि ते दुसरे कोण, हे विचारण्याचे आम्हांस सुचलेही नव्हते. ते एका भाजीवालीस सुचले. कारण ती स्वतः त्या ‘दुसऱ्यां’पैकी होती.

आता पाड्यावरील माणसाचा आवाज कितपत ऐकला जातो ते पाहू. पिढ्यान्‌पिढ्या सशासाठी वा रानकोंबड्यासाठी फासा मांडणारा मनुष्य एके दिवशी अपराधी ठरला. तो कोणत्या दिवशी ठरला हे त्यास कोणी सांगितले नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासी लोकांचे पुष्कळ परंपरागत हक्क मान्य केले. परंतु त्यातच शिकारीचा व सापळ्यांचा परंपरागत हक्क स्पष्ट शब्दांनी वगळला. हे वगळणे चूक होते असे आमचे म्हणणे नाही. रान आज पूर्वीइतके विस्तीर्ण नाही. फासा सशासाठी मांडावा आणि त्यात बिबट्याचा पाय अडकावा, हे घडते. तथापि नियम योग्य असणे ही एक गोष्ट आणि तो ज्यास पाळावयाचा त्यास विचारलेले असणे ही दुसरी गोष्ट होय. पहिली असली म्हणजे दुसरीची गरज नाही, असे समजणे हा सुशिक्षितांचा नेहमीचा प्रमाद आहे.

विचारण्याची तरतूद कायद्यात नाही असेही नाही. अभयारण्याची सीमा ठरविताना जिल्हाधिकाऱ्याने प्रादेशिक भाषेत जाहीरनामा काढावा व दोन महिन्यांत लोकांनी आपले दावे लेखी मांडावेत, असे १९७२ च्या कायद्यात आहे. परंतु ज्यास लिहिता येत नाही त्याने लेखी दावा कसा मांडावा? भाषेची अडचण तर थेट दिल्लीपर्यंत पोहोचते. २०२० साली पर्यावरणावरील परिणामांच्या तपासणीविषयी केंद्र सरकारने नव्या नियमांचा मसुदा काढून हरकती मागविल्या. तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत उपलब्ध करावा असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयास द्यावा लागला. ज्या भाषेत उत्तर देता येत नाही त्या भाषेत विचारलेला प्रश्न हा प्रश्नच नव्हे. ती केवळ विचारल्याची नोंद होय.

यावर दोन बाजूंनी दोन आक्षेप येतील. पहिला असा की, लोकांस विचारावयाचे तर मग बहुमताने ठरवा. आणि बहुमत म्हणेल की बिबटे नकोत, तर काय कराल? हा आक्षेप बळकट आहे. ज्या प्राण्याविषयी निर्णय व्हावयाचा त्यास मत नाही. आणि एकाच्या जिवाचा प्रश्न दुसऱ्यांच्या हातांची मोजदाद करून सोडविणे यास न्याय म्हणता येत नाही. म्हणून जीव राखावा की राखू नये हा प्रश्न मतास टाकू नये, तो कायद्याने बांधलेलाच असावा, असे आमचेही मत आहे. परंतु राखण्याचे ओझे कोणी, कसे आणि किती उचलावे, हा प्रश्न निराळा. तो ओझे उचलणाऱ्यास विचारल्यावाचून सुटणारच नाही.

दुसरा आक्षेप असा की, हे सारे तज्ज्ञांवर सोपवावे. अडाणी माणसास बिबट्याच्या स्वभावाचे काय कळते? येथे आम्ही कालिदासाकडे बोट दाखवू. शाकुंतलाच्या आरंभी दुष्यंत हरिणामागे धावत आश्रमाच्या सीमेत येतो, आणि एक तपस्वी पुढे होऊन हा आश्रमाचा मृग आहे, यास मारू नये, असे त्यास बजावतो. राजा बाण उतरवितो. संरक्षित वनातील शिकारीवर घेतलेली ही हरकतच नव्हे काय? परंतु ती घेणारा कोण आहे हे पाहा. तो नगरातील पंडित नाही व राजाचा अधिकारीही नाही. तो त्या हरिणांच्या सोबतीने राहणारा मनुष्य आहे, आणि त्याच्या शब्दास वजन आहे ते त्या सोबतीमुळे. आमच्या डोंगरांतील वारली वाघदेवाची स्थापना करतो व वाघबारशीस त्याची पूजा करतो. वाघास देव मानणारा मनुष्य त्यास भितच नाही असे नव्हे; आमच्यापेक्षा तो कितीतरी अधिक वेळा त्याच्या वाटेवरून चालला आहे. भय आणि शेजार ही दोन्ही एकत्र कशी नांदवावी याचे ज्ञान त्यास आहे. तज्ज्ञाचे ज्ञान निराळे व आवश्यक. पण या ज्ञानाची जागा ते घेऊ शकत नाही.

महाभारतातील धर्मव्याधाची कथाही याच अर्थाची आहे. तपाचा अहंकार झालेल्या कौशिक ब्राह्मणास धर्म शिकण्यासाठी मिथिलेतील एका मांस विकणाऱ्याच्या दुकानापुढे जाऊन उभे राहावे लागले. त्या कथेचा अर्थ मांसविक्रय चांगला असा कोणी केला नाही. ज्याच्या धंद्यास आपण नावे ठेवितो त्याच्यापाशीही आपणांस नसलेले धर्मज्ञान असू शकते, आणि ते हवे असेल तर आपण चालत जावे, एवढाच तिचा अर्थ. हिंसा न करण्याचे आम्हां शहरवासीयांचे पुण्य बहुतांशी स्वस्त आहे. आमचे भात डुकरे खात नाहीत आणि आमच्या शेळ्या बिबट्या नेत नाही, कारण आम्हांपाशी शेत नाही व शेळ्याही नाहीत.

म्हणून आमचे मत असे की, अशा विचारपुशीत मते मोजू नयेत, तोलावीत. आणि तोलण्याचे माप एकच असावे. बोलणाऱ्यास आपल्या बोलण्याची काय किंमत द्यावी लागेल? जो म्हणतो पिंजरा लावा, त्यास विचारावे की जनावर कोठे सोडू. जो म्हणतो बिबट्या राखा, त्यास विचारावे की ज्याची शेळी गेली त्याची भरपाई वेळेवर मिळावी म्हणून तू काय केलेस. आणि ज्याची शेळी गेली त्यास कोणीतरी त्याच्या पाड्यावर, त्याच्या भाषेत, पेरणी-लावणीचे दिवस सोडून, समोर बसून विचारावे. २०२२ मधील दुरुस्तीने, अनुसूचित क्षेत्रातील व वनहक्क कायदा जेथे लागू आहे तेथील अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा ग्रामसभेशी विचारविनिमय करूनच तयार करावा, असे कायद्यात आले आहे. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. तेव्हा तानसाच्या बाबतीत ही विचारपूस आता सरकारची कृपा राहिली नसून त्याचे कर्तव्य झाली आहे. ती खरोखर होते की केवळ सह्यांचा कागद फिरतो, याकडे लक्ष ठेवण्याचे काम आमच्यासारख्या लिहिता-वाचता येणाऱ्या शेजाऱ्यांचे आहे. पाड्याच्या वतीने आम्ही बोलावे असे नव्हे. पाड्यास विचारल्यावाचून आमच्या बोलण्यावर निर्णय होऊ नये, एवढे आम्ही म्हणावे.

तो अर्ज आमच्या सोसायटीत पुन्हा फिरेल यात आम्हांस शंका नाही. डोंगर तेथेच आहे व बिबटेही तेथेच आहेत. या खेपेस सहीपूर्वी आम्ही त्यात शुद्धलेखनाची चूक शोधणार नाही. जनावर कोठे सोडावयाचे आणि तेथील लोकांस कोणी विचारले आहे, हे दोन प्रश्न त्याच्या खाली लिहू. व त्यांची उत्तरे येईपर्यंत आमची सही थांबेल.