कालविपर्यास आणि अंतराची कबुली

ब्रायन हेल्गेलंड यांच्या ‘अ नाइट्स टेल’ (२००१) या चित्रपटाचा काळ चौदाव्या शतकाचा आहे. त्यातील गाणी मात्र बहुतांशी १९७०च्या दशकातील रॉकची. हा इतिहासाशी केलेला अपराध मानावा काय? तसे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की मध्ययुगीन कथांमागे एरवी वाजणारा सिंफनी वाद्यवृंदही मुख्यतः एकोणिसाव्या शतकाची घडण आहे. सवयीमुळे त्यातील कालविपर्यास ऐकू येईनासा झाला आहे, एवढेच. तेव्हा नैतिक प्रश्न असा उरतो: दोन काळांतील अंतर श्रोत्याला जाणवू दिले जाते काय?

आरंभी द्वंद्वस्पर्धेचे प्रेक्षक क्वीनच्या गाण्यावर ठेका धरतात, तेव्हा तो समूह आजच्या क्रीडांगणावरचाच होऊन जातो. गतकालाचे परकेपण उरत नाही. नृत्यप्रसंगात मात्र संगीतकार कार्टर बर्वेल जुन्या वळणाच्या नृत्यधुनीतून क्रमाने डेव्हिड बोवीच्या ‘गोल्डन इयर्स’ (१९७५) या गीतापर्यंत येतात. येथे सांधा ऐकू येतो. गतकालाचे आकलन आपल्याच भावानुभवातून होते, हे त्यात मान्य केलेले असते, आणि तो काळ आपला नव्हे, याचेही भान सुटत नाही. केवळ अस्सल प्राचीन वाद्ये वाजवून ही कबुली साधली नसती.