माहितीचा ठावठिकाणा

मराठीतील ललितेतर पुस्तकांचा विचार करताना समीक्षेची नजर चरित्र, इतिहास आणि तत्त्वचिंतन यांच्या पलीकडे सहसा जात नाही. सामान्य ज्ञानाची, शब्दांच्या जन्मकथांची, शुद्धलेखनाची आणि पशुपक्ष्यांची जी पुस्तके चौकस वाचक हौसेने विकत घेतो, ती तिच्या हिशेबात धरलीच जात नाहीत. धुळे जिल्ह्यातील साक्रीसारख्या तालुक्याच्या गावी मात्र पुस्तक म्हणून सर्वाधिक हाताळली जाते ती हीच जात, आणि त्यातही स्पर्धा परीक्षांसाठी छापलेली, एका ओळीत प्रश्न व अर्ध्या ओळीत उत्तर देणारी मार्गदर्शके. राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यफूल ताम्हण, राज्यफुलपाखरू ब्लू मॉर्मन (२०१५) ही मालिका अभ्यासिकेत बसणाऱ्या कोणत्याही मुलामुलीला तोंडपाठ असते. या पाठांतराला नाक मुरडणे सोपे आहे, परंतु ज्याची नोकरी त्या अर्ध्या ओळीवर अवलंबून आहे त्याला हसण्याचा अधिकार कोणालाच नाही.

दोष पाठ करणाऱ्याचा नसून पुस्तकाच्या घडणीचा आहे. माहितीचा कोणताही तुकडा कोणीतरी, कोठेतरी, कशाच्या तरी आधारे प्रथम मांडलेला असतो. या मूळ नोंदीला प्रस्तुत लेखात माहितीचा ठावठिकाणा म्हटले आहे. लोकप्रिय पुस्तक जागेची बचत करताना पहिली कात्री चालवते ती नेमकी या ठावठिकाण्यावर, कारण तो रटाळ असतो असा प्रकाशक आणि लेखक या दोघांचाही समज असतो. हा समज खरा नाही. बहुतेक वेळा माहितीपेक्षा तिचा ठावठिकाणा अधिक रंजक असतो, आणि खानदेशापुरते बोलायचे तर त्याचा पुरावा एका लहानशा घुबडाने दिला आहे.

जगभर खपलेल्या गिनीज बुकाची कुळकथाही पक्ष्यापासूनच सुरू होते. १९५१ साली आयर्लंडमध्ये शिकारीला गेलेले गिनीज मद्यनिर्मिती कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक सर ह्यू बीव्हर यांचा, युरोपातील शिकारीच्या पक्ष्यांत सर्वांत वेगवान कोणता, यावर सोबत्यांशी वाद झाला. त्याचा निकाल लावणारे पुस्तक हाताशी नसल्याने असे पुस्तक काढावे ही कल्पना पुढे आली आणि १९५५ साली मॅकव्हर्टर या जुळ्या भावांनी ते सिद्ध केले. वाद मिटवणारे पुस्तक ही कल्पना त्या प्रकाराच्या नशिबी कायमची चिकटली. वाद मिटवणाऱ्या पुस्तकाला स्वतः वाद घालता येत नाही. त्याला निकाल द्यावा लागतो, आणि निकालाच्या कागदावर साक्षीपुरावा छापण्याची त्याला गरज वाटत नाही.

आता त्या घुबडाकडे वळता येईल. वनपिंगळा हा वीतभर उंचीचा पक्षी गावाशेजारच्या झाडांत दिसणाऱ्या नेहमीच्या पिंगळ्याचा जवळचा नातलग असला तरी त्याच्या डोक्यावर पिंगळ्यासारखे ठळक ठिपके नसतात, पाय दणकट व पिसांनी भरलेले असतात, आणि मुख्य म्हणजे तो भर दिवसा उघड्या फांदीवर बसून शिकार करतो. १८७२ साली एफ. आर. ब्लुइट यांनी आजच्या छत्तीसगडमधील फुलझर भागात त्याचा पहिला नमुना मिळवला (नमुना म्हणजे अभ्यासासाठी कातडे सोलून, आत कापूस भरून, चिठ्ठी बांधून जपलेला पक्षी) आणि पुढच्या वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध करून त्याला ब्लुइट यांचे नाव दिले. हे ह्यूम म्हणजे १८८५ साली राष्ट्रीय काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारेच. मार्गदर्शकांत ते इतिहासाच्या प्रकरणात भेटतात आणि पर्यावरणाच्या प्रकरणात भेटत नाहीत. एकच माणूस दोन प्रकरणांत विभागला गेला की तो कोण होता हे कोणत्याच प्रकरणातून कळत नाही. पक्ष्यांविषयी वर्षानुवर्षे जमवलेली त्यांची टिपणे एका नोकराने रद्दीत विकून टाकली, हे समजले तर काँग्रेसचा हा संस्थापक विद्यार्थ्याच्या अधिक लक्षात राहील.

ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात लिहिणाऱ्यांपैकी जेम्स डेव्हिडसन हे मुलकी अधिकारी खानदेशात नेमणुकीस होते. पश्चिम खानदेशातील, म्हणजे आजच्या धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या मुलखातील, पक्ष्यांची त्यांनी केलेली कच्ची यादी त्या नियतकालिकात छापली गेली आणि वनपिंगळ्याचे अनेक नमुनेही त्यांनीच येथून मिळवले. त्यानंतर पक्षी जणू लुप्त झाला. १८८४ नंतरचा विश्वासार्ह नमुना कोणाकडेच नव्हता. अपवाद फक्त कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या नामांकित ब्रिटिश पक्षितज्ज्ञाच्या संग्रहातील एका कातड्याचा, ज्यावरील चिठ्ठीनुसार तो पक्षी १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे मारला होता. चिठ्ठीवर अविश्वास दाखवण्याचे कारण नव्हते, म्हणून ती ग्रंथांत गेली, एका ग्रंथातून दुसऱ्यात उतरली, आणि पक्ष्याचा शोध घेऊ पाहणाऱ्यांना तिने मांडवीची वाट दाखवली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हे कातडे बारकाईने तपासले, तेव्हा ते उसवून नव्याने भरले व शिवले असल्याचे आणि मूळ बांधणी डेव्हिडसन यांच्या पद्धतीची असल्याचे दिसून आले. ब्रिटिश संग्रहालयातील डेव्हिडसन यांचाच नमुना कर्नलसाहेबांनी लांबवला होता आणि त्यावर खोटे ठिकाण व खोटी तारीख चढवली होती. मांडवीची चिठ्ठी बाद झाल्यावर उरली ती जुन्या, खऱ्या नमुन्यांची ठिकाणे. त्यांच्या मागावर निघालेल्या रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी वनपिंगळा दिसला, तोही सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसलेला. एकशे तेरा वर्षे जो ‘नाहीसा’ झाला होता तो डेव्हिडसन यांच्याच मुलखात होता. शहादा परिसरातील गुराख्यांना किंवा मोहाची फुले वेचणाऱ्या बायांना तो त्या काळात दिसलाच नसेल असे मानणे अवघड आहे. पण त्यांचे पाहणे नोंदीत धरले जात नव्हते, आणि कर्नलसाहेबांची चिठ्ठी धरली जात होती.

सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात एवढ्या कथेची जी ओळ होते ती अशी: वनपिंगळा, पुनर्शोध १९९७, जिल्हा नंदुरबार. ओळ चुकीची म्हणता येत नाही, मात्र नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला आणि पक्षी दिसला तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते. क्षुल्लक वाटणाऱ्या या तपशिलात खऱ्या चौकस पुस्तकाचे बीज आहे, कारण एखाद्या वाक्यातील वर्ष व ठिकाण यांचा मेळ बसत नाही हे ज्याला खटकते त्याच्याच हातून पुढे कधीतरी मांडवीची चिठ्ठी उलगडली जाते.

भाषेच्या पुस्तकांचे दुखणे याहून जुने आहे. धुळे शहरात ३१ डिसेंबर १९२६ रोजी निधन पावलेले इतिहासाचार्य वि. का. राजवाडे, ज्यांच्या नावाने तेथे लगेच संशोधन मंडळ उभे राहिले, ते या बाबतीत मोठे शिकवणारे उदाहरण ठरावे. मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध करताना कोणता कागद कोणाच्या दप्तरात मिळाला याची त्यांची काळजी इतकी कडक होती की पुढच्या संशोधकांना तोच वस्तुपाठ झाला. परंतु व्युत्पत्तीच्या, म्हणजे शब्दाचे मूळ रूप शोधण्याच्या, क्षेत्रात शिरल्यावर त्याच पुरुषाने ध्वनींच्या साम्यावर भिस्त ठेवून गावांच्या व कुळांच्या नावांतून असे काही इतिहास उभे केले, की ते वाचताना बुद्धीचे कौतुक आणि निष्कर्षाविषयी संशय ही दोन्ही एकाच वेळी मनात येतात. शब्दांच्या गमतीजमती सांगणाऱ्या आजच्या पुस्तकांनी राजवाड्यांचे धाडस उचलले आहे, त्यांची दप्तरे उचललेली नाहीत. एखाद्या शब्दाची चमकदार कथा छापताना ती कोणत्या शतकातील कोणत्या लेखातील वापरावर टेकली आहे हे सांगण्याची पद्धत मराठीत अजून रुळायची आहे.

साक्रीच्या बाजारात बोलली जाणारी अहिराणी घेतली तर हा प्रश्न अधिक टोकदार होतो. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला आणि त्यात ‘खानदेशी’ भिल्ली भाषांच्या सोबतीला बसवली गेली. मराठी अभ्यासकांतील अनेकांनी तिला मराठीची बोली मानले. भारताची जनगणना तिला खानदेशी या नावाने स्वतंत्र भाषा म्हणून मोजते आणि २०११ साली तिचे भाषक अठरा लाखांहून अधिक भरले. ही तिन्ही उत्तरे वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत. ग्रिअर्सन यांचा प्रश्न व्याकरणाच्या घडणीचा होता, मराठी अभ्यासकांच्या प्रश्नात लेखनपरंपरा आणि सांस्कृतिक आपलेपण यांचाही वाटा होता, आणि जनगणनेचा आकडा मातृभाषा कोणती असे विचारल्यावर माणसाने काय सांगितले व प्रगणकाने काय लिहिले यावर ठरतो. मार्गदर्शकांत मात्र अहिराणीसमोर एकच पर्याय बरोबर असतो, आणि तो बरोबर कोणाच्या मते, हे विचारायला उत्तरपत्रिकेत जागा नसते. याच तालुक्याच्या पश्चिम भागात बोलल्या जाणाऱ्या मावची आणि कोकणा लोकांच्या भाषांना तर तेवढाही मान मिळत नाही.

लेखनविषयक पुस्तकांबद्दल थोडक्यात सांगता येईल. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा आणि १९७२ साली आणखी चार असे अठरा नियम केले व शासनाने ते स्वीकारले; यास्मिन शेख यांची ‘मराठी लेखन मार्गदर्शिका’ किंवा अरुण फडके यांचे ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ यांसारख्या पुस्तकांनी ते नियम घराघरांत नेले, आणि हे काम मोलाचे आहे. त्यांच्या अनुकरणाने निघालेल्या किरकोळ पुस्तिकांतून मात्र नियमांमागचे साल गळून पडले. परिणाम असा की सार्वजनिक वाचनालयातील जुन्या ग्रंथात ‘घरांत’, ‘नाहीं’ अशी अनुस्वारयुक्त रूपे दिसली की विद्यार्थ्याला तो ग्रंथच अशुद्ध वाटतो. न उच्चारले जाणारे अनुस्वार गाळण्याचा निर्णय माणसांनी, विशिष्ट वर्षी, बराच वाद घालून घेतला होता, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

ठावठिकाणा जपणारे लेखन मराठीत झाले नाही असे नाही, आणि त्याच्या सर्वांत मोठ्या प्रकल्पाचा प्रमुख साक्री तालुक्याचाच होता. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा जन्म २७ जानेवारी १९०१ रोजी पांझरेकाठच्या पिंपळनेर येथे झाला; पुढे ते वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकले, १९६० साली स्थापन झालेल्या साहित्य संस्कृती मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले आणि मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक म्हणून १९७६ साली त्याचा पहिला खंड त्यांनी वाचकांच्या हाती दिला. विश्वकोशातील नोंदीखाली लेखकाचे नाव असते आणि मोठ्या नोंदींखाली संदर्भग्रंथही असतात. ही साधी छापील सवय म्हणजे वाचकाशी केलेला करार आहे: सांगणारा कोण ते कळेल, आणि त्याने कशावरून सांगितले तेही तपासता येईल. संस्कृत शास्त्रार्थाच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला, ज्या परंपरेत विधान मांडताना त्याचे प्रमाण, म्हणजे ते ज्या साधनाने जाणले ते साधन, सांगावेच लागते, हा करार परका वाटण्याचे कारण नव्हते. विश्वकोशाची भाषा जड आहे ही तक्रार रास्त आहे. पण त्याचे सुलभीकरण करणाऱ्यांनी भाषेबरोबर नावे आणि संदर्भही उतरवून ठेवले, हे त्या तक्रारीचे उत्तर नव्हते.

सुलभ आणि साधार या दोन्ही गुणांचे एकत्र नांदणे निसर्गलेखनात अधिक साधले आहे. दुर्गा भागवत यांच्या ‘ऋतुचक्र’ मध्ये पाहणाऱ्याची नजर आणि पाहिलेले झाड वेगळे काढता येत नाहीत. वनखात्यात तीन दशकांहून अधिक काळ काढलेल्या मारुती चितमपल्ली यांनी जंगलात राहणाऱ्यांकडून ऐकलेले ज्ञान त्यांच्याच नावावर ठेवण्याची सवय लावली; त्यांचे लेखन वैज्ञानिक निकषांवर नेहमीच टिकेल असे नाही, परंतु ऐकलेले कोणते आणि पाहिलेले कोणते हे वाचकाला बहुधा ओळखता येते, म्हणून त्यातील चूकही दुरुस्त करण्याजोगी राहते. चूक दुरुस्त करता येणे हा या जातीच्या पुस्तकाचा पहिला गुण मानावयास हरकत नाही, अचूकता त्यानंतरची.

खानदेशापुरते या दिशेने झालेले एक काम येथे नोंदवण्याजोगे आहे. अहिराणीचे अभ्यासक डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीच्या शब्दकोशाबरोबर ‘खानदेशातील कृषक जीवन सचित्र कोश’ सिद्ध केला, ज्यात शेतीची अवजारे आणि घरातील वस्तू चित्रासह व बोलीतील नावासह येतात. चित्र असल्याने नाव कोणत्या वस्तूचे याविषयी संशय राहत नाही, आणि वस्तू वापरातून गेली तरी नावाला टेकण्यासाठी जागा राहते. लक्ष्मणशास्त्री ज्याचे पहिले अध्यक्ष होते त्या साहित्य संस्कृती मंडळाचेच हे प्रकाशन आहे. शाळेतल्या मुलाच्या दप्तरात मावेल अशी त्याची छोटी आवृत्ती निघाली, प्रत्येक वस्तूखाली ती कोणत्या गावात काय म्हणून ओळखली जाते हे तसेच राहू दिले, आणि पानाच्या कडेला मुलाने आपल्या गावचे नाव लिहावे एवढी कोरी जागा सोडली, तर त्याच दप्तरात असलेल्या स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शकाशी ती स्पर्धा करू शकेल की नाही हे सांगणे कठीण आहे. मात्र पिंपळनेरच्या मुलाने लिहिलेले नाव दहिवेलच्या मुलाने लिहिलेल्या नावाशी जुळले नाही, तर त्या दोघांत निकाल लावण्याची घाई त्या पुस्तकाला नसेल.