जिऱ्याचा दशांश

आमच्या नवापूर तालुक्यात मोशे हा कुणी परका माणूस नाही. शाळेचा हजेरीपट उघडला की मोशे, शमुवेल, याकोब, रूथ ही नावे गावित, वसावे, वळवी, कोकणी या आडनावांना लागून इतक्या सहजपणे येतात की, ती सिनाय पर्वताच्या बाजूने आली असतील असे वाटूही नये. विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन मिशनरी खानदेशात आले, पुढे चिंचपाड्याला मिशनचा दवाखाना झाला, आणि अलीकडच्या काही दशकांत पाड्यापाड्यांतून लहानमोठ्या मंडळ्या उभ्या राहिल्या. मीही अशाच एका घरात वाढलो. त्यामुळे एक प्रश्न लहानपणापासून कानांवर आहे : मोशेचे नियमशास्त्र हे ज्यूंचे, मग आम्हां ख्रिस्ती माणसांना त्यातले आज किती लागू?

ऐन दिवाळीत ही कसली शास्त्रचर्चा, असे कुणी म्हणेल. पण आमच्या भागात हा प्रश्न पंडितांचा नाही. तो ताटातला आहे, मजुरीचा आहे, आणि आता दिसेलच की तो दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या ट्रकचाही आहे.

मराठी वाचकाला ज्यू धर्मशास्त्र अगदीच अनोळखी नसावे. कोकणातल्या बेने इस्राएलांना शेजारीपाजारी 'शनिवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. पोथ्या हरवल्या, हिब्रू विसरली, बोली मराठी झाली. तरी शब्बाथ राहिला, सुंता राहिली, आणि पंख व खवले नसलेला मासा त्यांच्या चुलीवर चढला नाही. १७९६ साली मुंबईत त्यांनी पहिले सभास्थान बांधले, त्याआधी कित्येक पिढ्या केवळ या आचारानेच त्यांना धरून ठेवले होते. ज्यू परंपरा अशा आज्ञा ६१३ मोजते. त्यांत करावयाच्या २४८ आणि टाळावयाच्या ३६५. त्या त्यांनी कशा पाळाव्यात हा त्यांचा प्रश्न. माझा प्रश्न आमच्यापुरता आहे.

आमच्यापुरत्या प्रश्नाचा पहिला निकाल फार जुना आहे. इसवी सनाच्या ४९ सालाच्या सुमारास यरुशलेमेत सभा भरली. ज्यू नसलेली माणसे ख्रिस्ताच्या मागे येऊ लागली होती आणि काहींचे म्हणणे पडले की, यांची आधी सुंता करा, यांना मोशेचे सारे शास्त्र पाळायला लावा, मग आपले म्हणा. पेत्राने ओझ्याचा प्रश्न काढला. पौल आणि बर्णबा यांनी परदेशात काय पाहिले ते सांगितले. शेवटी याकोबाने निवाडा दिला. चार गोष्टी तेवढ्या टाळा : मूर्तीला वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या जनावराचे मांस आणि व्यभिचार. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात हे सारे आहे. मला हा निवाडा फार मोठा वाटतो. परक्याला परका ठेवूनच पंक्तीत घेतले. त्याला ज्यू व्हावे लागले नाही. त्याच न्यायाने भिल्लाला किंवा मावची माणसाला स्वीडिशही व्हावे लागू नये, पण हे कळायला आमच्या मंडळ्यांना बराच काळ लागला. असो.

आता या चारांतली पहिलीच गोष्ट पाहा. गावदेवाला बोकड किंवा कोंबडा कापला की घरटी वाटा जातो. हा वाटा म्हणजे नुसते मांस नव्हे. तुम्ही गावात आहात याची ती खूण. शेजारच्या पाड्यावरचा एक गृहस्थ एकदा माझ्याकडे आला. तो मंडळीत आलेला, थोरला भाऊ आलेला नाही. म्हणाला, "गुरुजी, वाटा परत केला तर दादा वर्षभर बोलत नाही. घेतला तर मंडळीत माझं नाव निघतं. तुम्ही वाचता, तुम्ही सांगा."

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. हिब्रू-ग्रीक मला येत नाही. पण पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचून साध्यासुध्या बायामाणसांना कळेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवले. त्या १९२२ साली गेल्या आणि १९२४ साली ते निघाले. ते वाचायला मॅट्रिक पुरते. यरुशलेमच्या सभेला गेलेला हाच पौल पुढे करिंथ येथील मंडळीला लिहितो की, मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, तेव्हा बाजारातले मांस विचारपूस न करता घ्या. मात्र तुमच्या खाण्याने एखादा दुबळ्या मनाचा भाऊ अडखळत असेल तर खाऊ नका. म्हणजे नियमाच्या वर त्याने भाऊ ठेवला. पौलाच्या मनात मंडळीतला भाऊ होता हे खरे. पण माझ्यापुढे बसलेल्या माणसाला सख्खा भाऊही होता, आणि अडखळणार होता तो तोच. मी म्हटले, "वाटा घे. दादाच्या ओट्यावर घटकाभर बस. खायचं की नाही ते घरी गेल्यावर तुझं तू ठरव." आमचे पाळकसाहेब यावर अजून नाराज आहेत. असोत.

या वाट्यावर, शनिवार की रविवार यावर, डुकराच्या मांसावर आमच्याकडे रात्र रात्र वाद होतात. शनिवार पाळणारे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे लोक पुण्यामुंबईकडे आहेतच, आणि रविवारच्या सुट्टीला कॉन्स्टंटाइन बादशहाने ३२१ साली कायद्याचे रूप दिले, हेही वाद घालणाऱ्यांना पाठ असते. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्याला एक खोड लागते. माणूस काय बोलतो याहून काय बोलायचे टाळतो याकडे त्याचे लक्ष अधिक. मोशेच्या पुस्तकांतला मोठा भाग असा आहे की, त्यावर वाद होत नाही, कारण तो कुणी काढीतच नाही.

याला विद्वानांचा आधार आहे. दुसऱ्या शतकात मार्सियनने सगळा जुना करारच टाकून द्या म्हटले, तेव्हा रोमच्या मंडळीने १४४ साली त्यालाच बाहेर काढले. पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने नियमशास्त्राचे तीन भाग पाडले : नीतीचे, विधीचे आणि न्यायव्यवहाराचे. नीतीचा भाग चालू, विधींचा संपला, आणि व्यवहाराचा इस्राएलाच्या राज्याबरोबर बुडाला. वाटणी मोठी नीटनेटकी, पण मूळ पुस्तकात तिचा मागमूस नाही. लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा येते, आणि तिला लागूनच दोन प्रकारच्या सुतांचे कापड अंगावर घालू नये ही. त्याच अध्यायात मजुराची मजुरी रात्रभर अडकवू नये असेही आहे. हिला नीती म्हणावे की बुडालेला व्यवहार?

'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा चोविसावा अध्याय कुणी खानदेशात बसून वाचावा. कर्ज देणाऱ्याने जाते किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण ते घेणे म्हणजे त्या घराचा जीवच गहाण घेणे. तारण आणायला ऋणकोच्या घरात शिरू नये. बाहेर उभे राहावे, तो आणून देईल. गरिबाचे पांघरूण तारण असेल तर सूर्य मावळताना परत करावे. मजूर स्वदेशी असो की परदेशी, त्याची मजुरी त्याच दिवशी, दिवस बुडण्याआधी द्यावी. शेतात पेंढी विसरली तर परत जाऊन उचलू नये. ती उपऱ्याची, पोरक्याची, विधवेची. सरवा वेचणे आमच्या बायांना शिकवावे लागत नाही. पण तो मालकाने दिलेली भीक नसून वेचणारीचा हक्क आहे, असे सांगणारे शास्त्र आमच्या देवळातल्या मेजावर पडून आहे हे त्यांना कुणी सांगितलेले नाही.

लेवीय पुस्तकाचा पंचविसावा अध्याय तर याहून पुढे जातो. दर पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ घराण्याकडे परत जावी. विकायची ती जमीन नव्हेच; त्या वर्षापर्यंतची पिके तेवढी विकायची, आणि किंमत तेवढ्याच पिकांची घ्यायची, कारण जमीन देवाची. ज्या जिल्ह्यात शंभरातली सुमारे ६९ माणसे अनुसूचित जमातींची, आणि शहादा-तळोद्याची काळी जमीन सावकाराच्या वहीतून दुसऱ्याच्या नावावर गेलेली, तिथे हे वाचताना अंगावर काटा येतो. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या माणसांनी त्या लढ्यात आयुष्य घातले. मग १९७४ चा कायदा आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी त्यांना परत देण्याची तरतूद त्यात झाली. तो करणाऱ्यांनी लेवीय वाचले असेल असे नाही. ज्यांनी वाचले होते त्यांना ते बुडालेल्या राज्याचे कायदे वाटत होते.

माझे एक स्नेही, शास्त्र शिकून आलेले, मला अडवतात. ते म्हणतात, "गुरुजी, तुम्ही सोयीचे तेवढे वेचता. त्याच पंचविसाव्या अध्यायात परदेशी गुलाम जन्मभर ठेवण्याची मुभा आहे, ती दिसली नाही का?" दिसली, आणि ती मला घेता येत नाही. शिवाय स्वतः ज्यूंनाही सगळे झेपले नाही. सातव्या वर्षी कर्ज माफ करायचे म्हटल्यावर त्या सुमारास कुणी कर्जच देईना, तेव्हा हिल्लेल या थोर गुरूने पडताळून पाहून दस्तऐवजाची एक वाट काढून दिली, ती गरिबाला उसने मिळावे म्हणूनच. तेव्हा वेचणे कुणाला चुकलेले नाही. माझे स्नेहीही वेचतात. दशांश मात्र त्यांनी न चुकता वेचला आहे.

निवडायला माप कुठले, एवढाच वाद उरतो. ख्रिस्ताने ते परूश्यांशी बोलताना दिले आहे. पुदिना, शेप, जिरे यांचाही दहावा हिस्सा तुम्ही मोजून देता, आणि न्याय व दया या भारी गोष्टी सोडता, असा त्याचा रोख. दशांश देऊ नका असे तो म्हणाला नाही. पण कशाचे वजन किती हे त्याने सांगून टाकले.

आणि त्या दशांशाचे तरी आम्ही काय केले? मोशेच्या शास्त्रात दशांश जमिनीच्या पिकाचा आणि गुराढोरांचा. ज्याच्याकडे हे आहे त्याने द्यायचा. दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवून तो लेवी, उपरा, पोरका आणि विधवा यांनी पोटभर खावा असे तिथे स्पष्ट आहे. म्हणजे मोशेच्या गावात भूमिहीन मजूर दशांश देणाऱ्यांच्या रांगेत उभा नव्हता. तो घेणाऱ्यांच्या रांगेत होता. आमच्याकडे कोयत्यावर जाणारे जोडपे मुकादमाकडून उचल घेते, तीतून दहावा हिस्सा पेटीत टाकते, आणि टाकला नाही तर पीक का बुडाले याचे कारण त्याला व्यासपीठावरून ऐकवले जाते. पीक! त्याच्या नावावर गुंठाभर जमीन नसते.

लक्ष्मीपूजन झाले की ट्रक येतात. भांडी, सरपण, कोंबड्या, लेकरे असे सगळे भरून माणसे बारडोली, मढी, चलथाणच्या कारखान्यांकडे ऊस तोडायला निघतात. माझा वर्ग निम्मा रिकामा होतो. कित्येक ठिकाणी उचल दीडपटीने फेडावी लागते, आणि मजुरीचा हिशेब होतो तो हंगाम सरल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी. दिवस बुडण्याआधी नव्हे.

यंदा तुकड्या निघण्याच्या आधीच्या रविवारी 'अनुवाद'चा चोविसावा अध्याय देवळात वाचावा, अशी मी पाळकसाहेबांना विनंती केली आहे. दोन मुकादम आमच्या मंडळीत पंच आहेत आणि पहिल्या बाकावर बसतात, हे त्यांना ठाऊक आहे आणि मलाही. ते म्हणाले, "बघू, गुरुजी. त्या दिवशी सुगीची उपकारस्तुती आहे. वेळ उरला तर वाचू."