मनात योजलेला सण



२२ किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस व रात्र समान होतात. त्या वेळी ब्रिटनमध्ये व अमेरिकेत काही लोक एखाद्या घरी किंवा झाडाखाली लहानशी वेदी मांडतात. तिच्यावर सफरचंदे, धान्याची कणसे, ताजा पाव व द्राक्षारस ठेवतात, भूमातेचे आभार मानतात आणि सारे वाटून खातात. हे लोक स्वतःला ‘पेगन’ म्हणवतात. त्यांचा हा विधी फार पुरातन भासतो. परंतु त्यांच्या आठ सणांचे वर्षचक्र ब्रिटनमध्ये १९५०च्या दशकात आकारास आले. या शरदातील सणाला ‘मेबन’ हे नाव तर एडन केली या अमेरिकन गृहस्थाने १९७०च्या दशकात दिले. ते वेल्श कथांतील एका पात्राचे नाव असून त्या कथांत त्याचा सुगीशी काही संबंध दिसत नाही. आपल्या गटापुरता विधी आपणच रचावा, असेही त्यांच्यातील पुष्कळांना वाटते.

हे ऐकून आपण चटकन म्हणतो, “मनुष्याने रचलेला सण! त्यात सत्य ते काय असणार?” हा आक्षेप आपल्याला वाटतो तितका भक्कम आहे काय?

आपण मंडळीत साजरा करतो तो कापणीचा सण आज ज्या रूपात आहे, त्याचा आरंभ बहुधा १८४३ सालापासून सांगतात. त्या वर्षी इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात मॉरवेनस्टो गावचे पाळक रॉबर्ट स्टीफन हॉकर यांनी आपल्या लोकांना सुगीच्या उपकारस्तुतीसाठी मंदिरात बोलावले. पुरीम हा सण मोशेच्या नियमशास्त्रात नाही. तो मर्दखय व एस्तेर यांनी ठरवून दिला. मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेचा सणही मोशेनंतर कित्येक शतकांनी सुरू झाला; तरी त्या सणाच्या वेळी आपला प्रभू मंदिरात होता, असे योहान सांगतो (योहान १०:२२-२३). तेव्हा केवळ नवेपणा हा दोष ठरत नाही.

मग दोष कशात आहे? पवित्र शास्त्रात शरद ऋतूतील एक नवा सण रचल्याची हकीकत आहे (१ राजे १२). मांडवांचा सण सातव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी येई. यराबाम राजाने त्याच धर्तीवर आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी बेथेल येथे सण नेमला. हा महिना त्याने आपल्या मनाने योजला, असे सांगताना मूळ इब्री लेखक ‘बादा’ हे क्रियापद वापरतो. अख्ख्या जुन्या करारात ते दोनदाच येते. दुसऱ्यांदा ते नहेम्याच्या तोंडी आहे (नहेम्या ६:८): सनबल्लटाने उठवलेली बंडाची अफवा ही त्याची मनची रचना आहे, असे तो ठणकावतो. भाषांतर करताना या शब्दापाशी थांबावेच लागते. येथे रचना म्हणजे निव्वळ कल्पकता नव्हे. स्वतःच्या हेतूसाठी केलेली बनावट होय. यराबामाचा हेतू शास्त्र लपवत नाही. लोक यरुशलेमेस गेले तर त्यांचे मन रहबामाकडे वळेल, अशी त्याला भीती होती. त्याचा सण सिंहासन राखण्यासाठी होता.

मर्दखयाचा सणही मनुष्यानेच नेमला. परंतु तो घडून गेलेल्या सुटकेचे स्मरण होता, आणि त्यात गोरगरिबांना दाने देण्याची आज्ञा होती (एस्तेर ९:२२). एक सण मिळालेल्या कृपेला दिलेले उत्तर आहे. दुसरा हातचे जाऊ नये म्हणून केलेली तजवीज.

या कसोटीने पेगन शेजाऱ्याकडे पाहा. त्याची कृतज्ञता खोटी नाही. लुस्त्र येथे पौल मूर्तिपूजकांपुढे बोलला तेव्हा त्याने त्यांच्या सुगीच्या आनंदाची थट्टा केली नाही; पाऊस व फलदायी ऋतू देणारा कोण, हे त्याने सांगितले (प्रेषितांची कृत्ये १४:१७). भूमीही पावसाची वाट पाहते. तीही घेणारीच आहे. शिवाय अनेक नावांतून आपल्या मनाला रुचेल ते दैवत आपणच निवडले, तर आपल्याकडे काही मागण्याचा अधिकार त्याला कोठून येणार? लेवीय २३ मध्ये सणांच्या यादीच्या ऐन मध्यभागी एक आज्ञा येते: शेताचे कोपरे कापू नका, ते गरीब व परके यांच्यासाठी सोडा. आपण घडवलेला देव असे सहसा बोलत नाही.

आणि आपण? आपल्या कापणीच्या सणात एका भोपळ्याला चढाओढीने दहापट किंमत येते, बोली जिंकणाऱ्याचे नाव पुकारले जाते, टाळ्या पडतात. अर्पण चांगलेच आहे. परंतु ते पीक ज्याने उन्हात वाकून कापले तो मजूर त्या वेळी कोठे असतो? मांडवांच्या सणात कोणी आनंद करावा याची यादी अनुवाद १६:१४ मध्ये आहे: मुलगे व मुली, दास व दासी, लेवी, परका, अनाथ आणि विधवा. यांतील निम्मे लोक आपल्या पंक्तीत नसतील, तर तारीख व गीते अचूक असूनही तो सण कोणाच्या हेतूसाठी आहे, हे स्वतःस विचारावे लागेल.

वाचकहो, पुढच्या कापणीच्या सणाची तयारी करताना ही यादी समोर ठेवा, आणि जे आलेले नाहीत त्यांना जाऊन बोलावून आणा.