तात्पुरते बिऱ्हाड

बदलीचा हुकूम घेऊन आम्ही कोलकात्यास आलो, तेव्हा वय एकोणतीस होते. बरोबर आणलेल्या दोन ट्रंकांपैकी एक आम्ही उघडलीच नाही. तीन वर्षांनी परत जायचे, मग पसारा कशाला मांडा? त्या गोष्टीला आता सात वर्षे झाली. ट्रंक अद्याप पलंगाखाली आहे.

ट्रंकेचे असो, पण तिच्याबरोबर मनही बांधलेलेच राहिले, हे आमच्या ध्यानी फार उशिरा आले. हा स्वभाव बदलीने दिला असे म्हणावे, तर तेही खरे नाही. पदवी मिळू दे, मग वाचन करू. नोकरी कायम होऊ दे, मग गाणे शिकू. विशीत यांतील प्रत्येक सबब खरीच असते, आणि म्हणूनच तिची सवय जडल्याचे कळत नाही. कचेरीत फायलीवर 'तूर्त प्रलंबित' असा शेरा आम्ही मारतो. तोच स्वतःवर मारण्यात केव्हा तरबेज झालो, कोण जाणे! लोक याला आळस म्हणतील. आम्हांस तसे वाटत नाही. आळशी मनुष्य निदान स्वस्थ तरी असतो. आमच्या चालढकलीच्या मुळाशी भीती होती. जे आरंभिलेच नाही, त्यात नापास होण्याचा प्रश्नच येत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. सारी इमारत त्यांना मास्टरमोशाय म्हणते. जिन्यात भेटले की ते विचारीत, "केमोन आछेन?" आम्ही म्हणत असू, "भालो आछि." एवढ्यावर आमचा शेजारधर्म चालला होता. गेल्या श्रावणात त्यांची पत्नी वारली. आम्ही वर जाऊन त्यांच्याजवळ बसलो. ते बराच वेळ बोलत होते, बहुधा तिच्याविषयीच. त्यातले निम्मेही आम्हांस उमगले नाही. आणि आमच्यापाशी होते ते दोनच शब्द, जे त्या दिवशी त्या घरात उच्चारण्यासारखे नव्हते.

पुढे कित्येक दिवस रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या पुस्तकातील एक प्रसंग मनात घोळत राहिला. १८८६ साली न्यायमूर्ती रानडे यांची हिंदुस्थान सरकारच्या अर्थसमितीवर नेमणूक झाली आणि त्या कामासाठी त्यांचा कलकत्त्यास मुक्काम पडला. चाळिशी ओलांडलेले हे गृहस्थ बंगाली पुस्तके आणून वाचू लागले, आणि दाढी करावयास आलेल्या न्हाव्याला अडलेले शब्द विचारू लागले! रमाबाईंना हसू आले, यात नवल नाही. परत तर त्यांनाही जायचेच होते.

महिन्यापूर्वी आम्ही विद्यासागरांचा 'वर्णपरिचय' आणला. १८५५ सालचे हे मुलांचे पुस्तक घेऊन, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, आम्ही संध्याकाळी मास्टरमोशायांपुढे बसतो. ते आता फारसे बोलत नाहीत. उच्चाराची चूक मात्र सोडत नाहीत. आपला 'अ' इकडे ओकाराकडे झुकतो, 'लक्ष्मी'ची 'लोक्खी' होते. परवा आमचा उच्चार ऐकून ते किंचित हसले आणि पत्नीच्या तसबिरीकडे पाहून काही म्हणाले. नीट कळले नाही. मान डोलावून वेळ निभावण्याची आमची जुनी रीत. पण या खेपेस आम्ही त्यांना पुन्हा सांगावयास लावले.